दोन मिनिटांना एक चमचा

डॉक्टरताई, नमस्कार. आम्ही गेवराई तालुक्यातले. दिवाळीनंतर ऊसतोडीला सांगली जिल्ह्यात आलोय, फडाला लागूनच कोप्या आहेत. धाकटा मुलगा चौदा महिन्यांचा, वजन आठ किलो. मागच्या आठवड्यात त्याला जुलाब लागले, दिवसातून सात-आठ वेळा पाण्यासारखे, वरून उलट्या. गावाकडून निघताना आशाताईनं जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची, दोन मोठी पाकिटं दिली होती. एका पेल्यात अर्धं पाकीट कालवलं, पेला तोंडाला लावला तर सगळं ओकला. पाकिटं संपल्यावर तांब्याभर पाण्यात दोन चमचे साखर आणि एक चमचा मीठ घातलं, तेही घेईना. सासूबाई म्हणतात, पाणी दिलं की जुलाब वाढतात, अंगावरचं दूधही तोड. टाळू पडली म्हणून त्यांनी तेल भरलं. मुकादमानं मेडिकलमधून संत्र्याच्या चवीचा डबा आणून दिला, तो मात्र गटागट प्यायला आणि जुलाब आणखी वाढले. शेवटी डॉक्टरनं सलाईन लावली. आता बरा आहे, पण तीन दिवस माझा खाडा झाला, पैसे गेले ते वेगळेच. सीझन संपायला अजून बरेच दिवस आहेत. घरच्या घरी हे पाणी नेमकं कसं करायचं? गूळ चालतो का? उसाचा रस द्यावा का? आणि पहाटे आम्ही फडात गेल्यावर पोरापाशी सासूबाई आणि नऊ वर्षांची मुलगी असते. त्यांना जमेल असं सांगा.

— एक आई

ताई,

माप आधी सांगते, बाकीचं नंतर. एक लिटर पिण्याचं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा म्हणजे चहाचा, पाच मिलीचा. पण कोपीत कुणाचा चमचा केवढा आणि तांब्या केवढा, याचा भरवसा नसतो. पोहे खायचा चमचा घेतला की माप दुप्पट झालंच म्हणून समजा. तेव्हा दोन वस्तू आजच बाजूला काढून ठेवा. एक, पाण्याची विकत मिळते ती एक लिटरची रिकामी बाटली, धुऊन. दुसरी, लहान मुलांच्या पातळ औषधाबरोबर येतं ते प्लॅस्टिकचं झाकण. त्यावर ५ मिली आणि २.५ मिलीच्या रेषा असतात. पाचच्या रेषेपर्यंत साखर सहा वेळा, अडीचच्या रेषेपर्यंत मीठ एकदाच. शीग ठेवायची नाही, बोटानं सपाट करायचं. मीठ पिशवीतलं बारीक घ्या, खडेमीठ असेल तर आधी कुटून.

पाणी उकळून गार केलेलं. पाचटाचा जाळ करायला तुमच्याकडे तोटा नाही. पहाटेच्या चहाबरोबर एक पातेलं खळखळ उकळून झाकून ठेवलं की दिवसाचं भागतं. कॅनॉलचं पाणी गढूळ असेल तर आधी दुहेरी फडक्यातून गाळून घ्या. आणि उकळणं जमलंच नाही, तर त्यातल्या त्यात जे चांगलं पाणी हाताशी आहे त्यात करा. पाणी चांगलं नाही म्हणून पाजणंच थांबवलं, तर बाळाचं नुकसान जास्त.

कालवून झालं की आधी स्वतः चाखा. डोळ्यातलं पाणी ओठावर आल्यावर जेवढं खारट लागतं, त्यापेक्षा खारट लागलं तर ओतून टाका आणि नव्यानं करा. आणखी पाणी घालून सुधारत बसू नका, त्यानं काय किती झालं हे कुणालाच कळत नाही.

तुमच्या तांब्यातल्या पाण्यात मीठ दुपटीहून जास्त होतं आणि साखर निम्म्याहून कमी. बाळानं तोंड फिरवलं ते बरं झालं. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना असं खारट पाणी पोटात गेलं, तर रक्तातलं मीठ वाढतं, आणि लहान बाळाला त्यानं झटके येऊ शकतात. हे भीती घालायला सांगत नाही. मीठ जरा कमी पडलं तर पाण्याचा गुण थोडा कमी येतो, जास्त पडलं तर इजा होते. म्हणून शंका आली की मिठाचा हात आखडता ठेवायचा.

पाकिटाचंही तसंच झालं. सरकारी दवाखान्यातून मिळणारं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. अर्ध्या पाकिटाला अर्धा लिटर पाणी हवं होतं, तुम्ही पेलाभर घेतलंत, म्हणजे ते अडीचपट कडक झालं. मेडिकलमध्ये लहान पुडीही मिळते, ती २०० मिलीची, म्हणजे एका पेल्याची. पुडी मोठी का लहान हे डोळ्यानं ठरवू नका, मागं किती पाण्यात घालायचं ते छापलेलं असतं, ते मुलीकडून वाचून घ्या. पाकीट फोडलं की सगळंच्या सगळं एकदम कालवायचं, उरलेली पूड ठेवायची नाही, कालवल्यावर ते उकळायचंही नाही. तयार पाणी झाकून चोवीस तास चालतं. दुसऱ्या दिवशी उरलेलं फेकून द्या, घरचं असो की पाकिटाचं.

साखर कशाला, हे सासूबाई विचारतीलच. जुलाबात आतडं सारखं पाणी सोडत असतं, पण त्यात मीठ आत घेणारं एक दार तेव्हाही शाबूत राहतं. त्या दाराची रीत तुमच्या मुकादमासारखी आहे. पूर्ण उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती नवरा-बायकोच्या जोडीला, एकटा आला तर तो अर्धा कोयता. तसं ते दार साखर आणि मिठाला जोडीनंच आत घेतं, आणि त्या दोघांच्या मागोमाग पाणी ओढलं जातं. रॉबर्ट क्रेन नावाच्या शास्त्रज्ञानं १९६० मध्ये ही जोडीची गोष्ट मांडली आणि पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं.

पण साखर वाढवली तर गुण वाढत नाही, उलटं होतं. जास्तीची साखर आतड्यात पडून राहते आणि अंगातलंच पाणी बाहेर ओढते. उसाच्या रसाचं उत्तर यातच आलं. रसात लिटरमागे शंभर ग्रॅमच्या वर साखर असते, आपल्या पाण्यात पंचवीस-तीस ग्रॅम. उसात राहून बाळाला रस द्यायचा नाही हे ऐकायला विचित्र वाटेल, पण जुलाब चालू असताना नाहीच द्यायचा.

मुकादमाच्या डब्याचंही तेच. त्यानं चांगल्या मनानं आणला, त्याला बोल लावू नका. अशा गोड पेयांच्या नावात वर्षानुवर्षं ‘ओआरएस’ ही अक्षरं मिरवत होती आणि मेडिकलवाला तीच हातावर ठेवायचा. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध कित्येक वर्षं लढा दिला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. पण जुना माल दुकानात कुठं पडून असेल सांगता येत नाही. बाळाला गोड लागतंय आणि गटागट पितंय, हीच शंकेची खूण धरा. पाकिटावर ‘डब्ल्यूएचओ फॉर्म्युला’ असं लिहिलेलं पाहूनच घ्या. त्यात लिटरमागे साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं. चव बेताचीच असते आणि ती तशीच असायला हवी.

गूळ चालतो. बांगलादेशात १९८० पासून ब्रॅक संस्थेच्या बायका दारोदार जाऊन आयांना हेच शिकवत होत्या: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. दहा वर्षांत एक कोटीहून जास्त घरांत हे पोचलं. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. शिकवणारीला पैसे मिळायचे ते आईच्या नंतर किती लक्षात राहिलं ते तपासून. त्यामुळं शिकवणाऱ्या बायका आईकडून स्वतःच्या हातानं पाणी करून घेतल्याशिवाय हलायच्या नाहीत. आपल्याकडे पत्रकं वाटण्यावर भागतं. असो. तुमच्यासाठी मात्र साखर हाताशी असेल तर साखरच बरी, तिचं माप पक्कं राहतं. गूळच असेल तर किसून, दाबून, त्याच झाकणानं सहा वेळा घ्या आणि विरघळल्यावर पाणी फडक्यातून गाळा, तळाला माती बसते.

हेही स्पष्ट सांगते की घरचं पाणी पाकिटाच्या बरोबरीचं नाही. पाकिटात पोटॅशियम आणि सायट्रेट असतं, जुलाबावाटे तेही निघून जात असतं. पहिला जुलाब झाला, की पाकिटाची वाट न पाहता घरचं पाणी सुरू करायचं आणि कुणाला तरी पाकीट आणायला पिटाळायचं, एवढीच त्याची जागा. भाताची पेज किंचित मीठ घालून, वरणाचं वरचं पाणी, पातळ ताक हेही जोडीला चालतं.

आता पाजायचं कसं. मला वाटतं तुमचं खरं अडलं ते इथंच. माप अगदी बरोबर असतं तरी बाळानं ते ओकलंच असतं, कारण पेला तोंडाला लावलात. तहानलेलं पोर घटाघट पितं आणि फुगलेलं पोट तेवढ्याच वेगानं बाहेर टाकतं. वाटी-चमचा घ्या. साधा नियम असा की दोन वर्षांच्या आतल्या बाळाला प्रत्येक पातळ शीनंतर पाव ते अर्धा पेला पाणी पोटात जायला हवं, तेही चमच्याचमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं, या वेळी आणखी सावकाश.

डोळे खोल गेलेत, बाळ चिडचिड करतंय आणि चमच्यावर झेपावतंय, म्हणजे अंगातलं पाणी बरंच कमी झालंय. तेव्हा ते आधी भरून काढावं लागतं. दवाखान्यात आम्ही किलोमागे ७५ मिली असा हिशोब धरतो, चार तासांत. तुमच्या बाळाचे झाले ६०० मिली. पाच मिलीच्या चमच्यानं १२० चमचे. चार तासांत १२० चमचे म्हणजे दोन मिनिटांना एक. ही वेळ आली की दवाखान्यात जायचंच, पण गाडी मिळेपर्यंत आणि वाटेतही चमचा थांबवायचा नाही.

बघा, यात औषध फार पैशांचं नाही. लागतो तो मोकळा हात आणि सलग बसणारं माणूस, आणि नेमकं तेच ऊसतोडीत महाग असतं. सासूबाईंना जमेल असं सांगा, असं तुम्ही लिहिलंत. जमेल तेवढं सांगते, पण पहिल्या दिवशी तुम्हा दोघांपैकी एकानं कोपीवर थांबायलाच हवं. आईच हवी असं नाही, बापाच्या हातातूनही चमचा तसाच जातो. मुकादम कुरकुरला तर त्याला तुमचाच हिशोब दाखवा. एक दिवस नीट बसलात तर बहुतेक वेळा पुढचे तीन खाडे आणि सलाईनचे पैसे वाचतात. दुसऱ्या दिवसापासून, बाळ हसतंखेळतं असेल तर, पहाटे तुम्ही स्वतः लिटरभर पाणी करून बाटलीत भरून जा. मीठ मोजायचं काम नऊ वर्षांच्या पोरीवर टाकू नका. आजीनं मांडीवर घ्यायचं, पोरीनं चमचा धरायचा, आणि प्रत्येक शीला भिंतीवर कोळशानं एक रेघ ओढायची. तुम्ही आल्यावर रेघा आणि बाटलीत उरलेलं पाणी ताडून पाहिलं की कळतं.

सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांचं निरीक्षण खोटं नाही. पाणी पाजायला लागलं तरी जुलाब होतच राहतात, कधीकधी जास्त वाटतात. जलसंजीवनी जुलाब थांबवत नाही, बाहेर गेलेलं पाणी भरून काढते. जुलाब त्यांच्या वेळेनं, बहुतेकदा आठवड्याच्या आत थांबतात. तोवर बाळ सुकू द्यायचं नाही, एवढंच आपलं काम. पाणी तोडलं तर शी कमी होईल हे खरं, पण ती अंगात पाणी उरलं नाही म्हणून. टाळू पडलेली त्यांना दिसली, तीही नजर पक्की. आत पाणी कमी झालं की टाळू खोल जाते. तेल वरून भरून काही होत नाही, ते त्यांना एवढ्यावरून पटेल: पोटातून पाणी गेलं, की चार-सहा तासांत टाळू परत वर येताना दिसते. त्यांनाच बोट लावून बघायला सांगा.

अंगावरचं दूध तोडायचं नाही, उलट जास्त वेळा पाजा. खाणंही बंद नाही. मऊ भात, वरणात कुस्करलेली भाकरी, वर चमचाभर तेल, थोडं थोडं पण दर तीन-चार तासांनी. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जादा. आणि झिंक. तुमच्या पत्रात झिंकचं नाव नाही, म्हणजे कुणी दिलं नाही. २० मिलीग्रॅमची गोळी रोज एक, चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून, चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पुरे करायचे, त्यानं पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब लागण्याचा धोका कमी होतो. आरोग्य केंद्रात ती फुकट मिळते. जुलाब ‘बांधणारी’ मोठ्या माणसांची गोळी लहान बाळाला कधीही देऊ नका, अर्धीही नाही.

सलाईनबद्दल लोकांच्या मनात एक दबदबा आहे, बाटली टांगलेली दिसली की उपचार झाल्यासारखं वाटतं. १९७१ च्या युद्धात बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बंगालमधल्या बनगावला, कॉलरा पसरला आणि सलाईन संपली. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पुड्या बांधल्या, पिंपात पाणी कालवलं आणि पेशंटच्या नातेवाइकांच्याच हाती पेले दिले. शंभरातली तीसेक माणसं मरत होती, ती चारच्या आत आली. ती माणसंही उघड्यावर, चिखलात राहत होती. २०२३ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, ते गेल्यानंतर. तुमच्या डॉक्टरांनी सलाईन लावली ते चुकलं असं मी इथं बसून म्हणणार नाही, त्या घडीला बाळ कसं होतं मी पाहिलेलं नाही. पण जे बाळ शुद्धीत आहे आणि गिळतंय, त्याला बहुतेकदा चमचा पुरतो.

पुरत नाही ते केव्हा, हे मात्र घरातल्या सगळ्यांना पाठ हवं. बाळ मलूल पडलं, हाक मारल्यावर डोळे उघडेना, चमचा तोंडाशी नेला तरी पिईना, घेतलेलं प्रत्येक वेळी ओकायला लागलं, सहा-सात तास लघवी झाली नाही, शीत रक्त दिसलं किंवा ताप चढला, तर लगेच निघायचं. पोटाचा चिमटा काढून बघायला शिका. बेंबी आणि कुशीच्या मधली कातडी दोन बोटांत उभी धरायची आणि सोडायची. एरवी ती झटकन बसते. दोन सेकंदांहून जास्त वेळ घडी तशीच उभी राहिली, तर फडातून नवऱ्याला बोलवायलाही थांबू नका. १०८ ला फोन लावा, गाडी फुकट येते. कारखान्याचं आणि फडाजवळच्या गावाचं नाव सगळ्यांना सांगता आलं पाहिजे.

या आठवड्यात एक काम करा. ज्या गावच्या शिवारात तुमचा अड्डा पडलाय, तिथल्या आशाताईला गाठा. तुमचं नाव गेवराईच्या यादीत आहे म्हणून ती नाही म्हणू शकत नाही. पाच-सहा पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या मागून पेटीत ठेवा, टोळीतल्या इतर लेकरांसाठीही घ्या. तान्ही बाळं असतील तर त्यांच्या रोटाव्हायरसच्या लशीचं विचारा. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला ती मोफत देतात, आणि स्थलांतरात नेमके हेच डोस हुकतात.

आणि तुमच्या बाळाचं वजन. चौदा महिन्यांच्या मुलाला आठ किलो कमी आहे, नुसत्या जुलाबानं एवढं कमी होत नाही. अशा बाळाला जुलाब लागले तर घरी वाट बघत बसायचं नाही, पहिल्याच दिवशी दाखवायचं. अंगणवाडीत दंडाला गुंडाळायची रंगीत पट्टी असते, तिनं डाव्या दंडाचा घेर मोजून घ्या. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या, त्याच्यावरचा उपचार वेगळा असतो. किती भरला ते मला कळवा.